घरच्या हायलक्सला किती लिफ्ट, कोणते टायर?

प्रश्न थोडक्यात असा: टोयोटा हायलक्स पिकअप, 18 इंची चाकांची. राहणं कोल्हापूरजवळ. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. आठवड्यातून दोन-तीनदा उसाच्या शेतापर्यंत, महिन्यातून एकदा गगनबावड्यावरून कोकणात, वर्षाकाठी दोन-तीन लांबचे प्रवास. हौद्यावर कॅनोपी, म्हणजे बंद टप, बसवलेली आहे. वर्कशॉपने 75 मिलिमीटरचा, म्हणजे तीन इंचांचा स्पेसर लिफ्ट (स्प्रिंगवर ठोकळा घालून गाडी उचलणं) आणि 285/70 आर17 मापाचे मड-टेरेन (चिखलासाठीचे) टायर सुचवलेत. हे करून घ्यावं का?

या वापरासाठी करू नका. आधी टायर बदला, तेही कंपनीच्याच व्यासाचे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे). मग गाडीचं वजन करून मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) ठरवा. त्यानंतरही उंची कमी वाटली तर पुढे 40 मिलिमीटरपर्यंत उचला, आणि ती स्पेसरने न उचलता पूर्ण स्प्रिंग-शॉकअपच्या संचाने उचला. हाच क्रम का, ते सांगतो.

पहिलं काम वजनकाट्यावर. उसाच्या पट्ट्यात काटा शोधायला लांब जावं लागत नाही. टाकी भरून रिकामी गाडी काट्यावर घ्या आणि तीन आकडे लिहून घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. मग घरची सगळी माणसं आणि प्रवासाचं सगळं सामान भरून तेच तीन आकडे पुन्हा घ्या. मोठ्या काट्यावर 10-20 किलो इकडेतिकडे होतात, त्याची काळजी नको. भरलेल्या गाडीचा आकडा आरसीवरच्या भरलेल्या वजनाशी ताडून पाहा. पाच माणसांचे साडेतीनशे किलो, कॅनोपीचे साठ-सत्तर, सामानाचे शंभर-सव्वाशे धरले तर सहज पाचशेच्या वर जातं. त्यात स्टीलचा बंपर, विंच, छतावरचं कॅरिअर आणि जड टायर घातले की कागदावरची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. स्प्रिंग बदलल्याने गाडी बसत नाही, पण एक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. आरसीवरचं वजन पाट्यांनी वाढत नाही.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसेल. माणसं आणि सामान भरल्यावर वाढलेल्या वजनातला बहुतेक भार मागच्या एक्सलवर गेलेला असतो. जड पेटी हौद्याच्या शेवटच्या फळीला टेकून ठेवली तर पुढची चाकं उलट हलकी होतात आणि घाटात स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. जड सामान केबिनच्या भिंतीला चिकटवून, खाली ठेवा. याला खर्च शून्य.

आता टायर. गाडीखालचा सगळ्यात खाली असणारा भाग म्हणजे मागच्या एक्सलवरचा डिफरेन्शिअलचा गोळा, आणि तो लिफ्टने एक मिलिमीटरही वर जात नाही. लिफ्टने चेसिस आणि बॉडी वर जाते. मागचा एक्सल जमिनीपासून किती उंच राहणार हे फक्त टायरचा व्यास ठरवतो. शेतातल्या चाकोरीत मधला उंचवटा जिथे घासतो ती जागा बहुतेक वेळा हाच गोळा असतो. तीन इंच उचलूनही तो तिथेच घासणार.

मापांचं गणित करून पाहू. मापातला पहिला आकडा रुंदीचा (मिमी), दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगणारा, आरनंतरचा डिस्कच्या इंचांचा. तुमच्या 18 इंची चाकांवरच्या 265/60 आर18 चा व्यास 775 मिमी येतो. हायलक्सच्याच दुसऱ्या व्हेरिअंटवर येणारं 265/65 आर17 हे माप 776 मिमीचं आहे. व्यास जवळपास तोच, पण टायरची बाजूची भिंत 159 वरून 172 मिमी होते. ती 13 मिमी जास्त रबराची उशी खड्ड्यात डिस्क वाचवते, हवा कमी केल्यावर टायर जास्त पसरू देते, आणि स्पीडोमीटर, गिअर, ब्रेक सगळं होतं तसं राहतं. तुमच्या गाडीला मी हाच बदल सुचवेन: 17 इंची डिस्क, 265/65 आर17 ऑल-टेरेन. डिस्क घेण्याआधी एक चाक पुढे बसवून हाताने फिरवून पाहा, ब्रेक कॅलिपरला कुठे लागत नाही ना.

वर्कशॉपने सांगितलेलं 285/70 आर17 हे 831 मिमीचं माप आहे. व्यास सात टक्क्यांनी वाढतो. त्यातून एक्सलची उंची 27 मिमी वाढेल, हे खरं. पण स्पीडोमीटरचा काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी सात टक्के जास्त वेगाने धावत असेल, प्रत्येक गिअर तेवढाच लांब होईल आणि ब्रेकला मोठं चाक थांबवावं लागेल. कंपनीच्या जातीचा हायवे टायर साधारण 16-17 किलोचा असतो, या मापाचा जाड मड-टेरेन 25 किलोच्या पुढे जातो. चारही चाकांना मिळून तीस-पस्तीस किलो वाढले, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे. शॉकअपला ते प्रत्येक खड्ड्यात आवरावं लागतं. गाडी बोजड झाली, ॲव्हरेज पडलं, ब्रेक सुस्त झाले अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा लिफ्टपेक्षा याच वजनात असतं.

मधलं माप हवंच असेल तर 265/70 आर17, व्यास 803 मिमी. एक्सल 13 मिमी वर, वेगातला फरक साडेतीन टक्के. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर चाक मडगार्डच्या मागच्या अस्तराला लागतं का हे गाडीगणिक तपासावं लागेल. टायरच्या कडांना खडू फासा, एक चाक विटांच्या उतरंडीवर चढवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून गाडी पुढे-मागे घ्या. खडू जिथे उमटेल तिथे घासतं.

मड-टेरेन का नको? तुमच्या रस्त्यांमुळे. काळ्या मातीत टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि त्यानंतर चाक गुळगुळीत रूळ होऊन बसतं. मड-टेरेनच्या रुंद खाचा वेगाने फिरल्यावर माती फेकतात, ऑल-टेरेनच्या अरुंद खाचा तेवढ्या फेकत नाहीत. एवढा फायदा आहे, नाकारत नाही. पण भर पावसात काळ्या रानात गाडी घालायचीच नसते. बांधावर उभी करायची. तुमच्या वापराचे बाकीचे बहुतेक किलोमीटर ओल्या डांबरावरचे आहेत. करूळ आणि भुईबावडा घाटांच्या उतारावर, जुलैच्या पावसात, मोठ्या ठोकळ्यांचं कडक रबर ब्रेक मारल्यावर हायवे टायरपेक्षा नक्की लांब जातं. आजी आणि मुलं गाडीत असताना मला ओल्या रस्त्यावरची पकड जास्त मोलाची वाटते. चांगल्या ऑल-टेरेनच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, त्या पाणी मोडतात. टायर निवडताना बोटाने पाहा. चिरा जेवढ्या खोल, तेवढं टायर अर्धं झिजल्यावरही पकड टिकते. काही टायरांच्या चिरा वरवरच्या असतात, 15 हजार किलोमीटरमध्ये नाहीशा होतात. घाट उतरल्यावर कोकणातला जांभा ही वेगळीच गोष्ट. त्याच्या धारदार कडा टायर खालून क्वचित फोडतात, बाजूची भिंत मात्र कापतात. तिथे भिंत जाड असलेला टायर उपयोगी, आणि चालवताना चाक दगडाच्या बाजूने घासत नेण्याऐवजी सरळ दगडावर चढवायचं.

टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचून घ्या. 112 असं लिहिलं असेल तर एक टायर 1120 किलो पेलतो, 110 म्हणजे 1060 किलो, 121 म्हणजे 1450. कंपनीच्या टायरवरच्या आकड्याच्या खाली जायचं नाही. पुढचं अक्षर वेगाचं: एस म्हणजे 180, टी म्हणजे 190 किलोमीटर. चार आकडी तारीखही बघा; 2325 असेल तर 2025 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दीड वर्ष गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

मापाच्या आधी एलटी लिहिलेले टायर जास्त पदरांचे, ट्रकच्या जातीचे असतात. जास्त वजन पेलतात हे खरं, पण जास्त हवेवर. दारावरच्या स्टिकरइतकीच हवा भरली तर तोच एलटी टायर साध्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो. भरलेल्या गाडीला साधारण 5 ते 8 पीएसआय जास्त लागतात, आणि मग रिकाम्या गाडीत मागची सीट उडायला लागते. कायम तीनशे-चारशे किलो वाहणाऱ्याने एलटी घ्यावा. तुम्हाला साधा पुरेल.

हवा सकाळी, गाडी चालण्याआधी, थंड टायरमध्ये मोजायची. गाडी रिकामी असताना स्टिकरवरचा रिकाम्या गाडीचा आकडा, भरल्यावर भरलेल्याचा. तापमान 10 अंशांनी वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो. समृद्धी महामार्गासारख्या लांब काँक्रीटवर एप्रिलच्या दुपारी 4-6 पीएसआय वाढलेले दिसतील, ते ठीक आहे. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका. टायर फुटण्यामागे जास्त हवेपेक्षा कमी हवा जास्त वेळा असते: कमी हवेत भिंत सतत दुमडते, दुमडल्याने तापते, आणि तापलेली भिंत सुटते. त्यामुळे पंपावरच्या मीटरवर भिस्त न ठेवता स्वतःचं गेज गाडीत ठेवा. शेताच्या चिखलात 20 पर्यंत उतरवायला हरकत नाही, मात्र गाडीत कॉम्प्रेसर हवा आणि डांबरावर येण्याआधी हवा भरायलाच हवी.

आता उचलण्याविषयी. हायलक्सला पुढे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म (चाक धरणाऱ्या दांड्या) आणि मध्ये स्प्रिंग-शॉकअप, मागे पाटे आणि सलग एक्सल. पुढचा शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे वर 20 मिमीचा स्पेसर टाकला की चाकाजवळ 40 मिमीच्या आसपास उंची मिळते. हे अनेकांना माहीत नसतं आणि 40 हवेत म्हणून 40 चा स्पेसर टाकला जातो. चाकाची वर-खाली होण्याची एकूण हालचाल ठरलेली असते. स्पेसरने ती वाढत नाही. गाडी जेवढी उचलाल तेवढी चाकाला खाली जायची जागा कमी होते. 75 मिमीच्या लिफ्टमध्ये खड्ड्यात चाक सुटल्यावर वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जाऊन अडकतो, टक् असा आवाज येतो, आणि काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगलाच लागतो. पुढच्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारे, वाकून फिरणारे सांधे) सतत तिरक्या कोनात फिरतात. त्यांच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून चिरतात, आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला शिंपडलेलं दिसतं, मग चिखल आत शिरतो आणि जॉइंट कटकट करू लागतो. हे टाळायला वेगळे वरचे आर्म आणि डिफरेन्शिअल खाली घेण्याचा संच लागतो. तीन इंची स्पेसर स्वस्त दिसतो, कारण हा खर्च त्यात धरलेला नसतो.

पन्नास मिमीच्या आत हे सगळं सांभाळता येतं. चाळीस ही त्यातली सुरक्षित बाजू. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन या ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे संच अशाच उंचीसाठी बनवलेले असतात. त्यात स्प्रिंगला जुळणारा शॉकअप येतो. स्प्रिंग बदलून शॉकअप जुना ठेवला तर गाडी खड्ड्यानंतर दोनदा डोलते. आजीला कंबरदुखी होते ती बहुतेक याच डोलण्याने.

मागे उंची मिळवायचे तीन मार्ग दाखवले जातात. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी): त्याच्या लांबीतल्या वाढीच्या निम्मीच उंची मिळते आणि पाट्याचा कोन बिघडतो. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा: स्वस्त, पण जोर दिल्यावर एक्सल पिळतो आणि पाटे एसच्या आकारात वाकतात. घरच्या गाडीला हे दोन्ही नकोत. तिसरा मार्ग नवे पाटे. हे कायमच्या ओझ्यावरून निवडायचे, म्हणजे कॅनोपी, ड्रॉवर, टूलबॉक्स असं जे गाडीवरून कधीच उतरत नाही त्याच्या वजनावरून. महिन्यातून एकदा भरणारं सामान यात धरू नका. तुमचं कायमचं ओझं शंभर किलोच्या आत आहे. तीनशे किलोंचे पाटे घातले तर रिकामी गाडी गाढवासारखी उडेल आणि ओल्या वळणावर मागची चाकं रस्ता सोडतील. दुकानदार जड पाटे आनंदाने देतो, कारण गाडी उंच दिसते. त्याला काट्याची चिठ्ठी दाखवा.

बसवून घेताना स्वतः हजर राहा. आधी चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून लिहा. टायर कोणताही असला तरी हा आकडा बदलत नाही, म्हणून खरी लिफ्ट यावरूनच कळते. आणि एका क्षणी नजर हलवू नका. पाट्यांचे आणि आर्मचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) ज्या बोल्टवर असतात ते बोल्ट, गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. बुशच्या आतली नळी बोल्टने धरली जाते आणि रबर दोन्ही बाजूंना चिकटलेलं असतं. चाक लोंबकळताना आवळलं, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. चार-सहा महिन्यांत ते फाटतं, गाडी चुंई-चुंई करते, आणि दोष नव्या संचावर येतो. बरोबर पद्धत अशी: बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, हौदा दोन-तीनदा दाबून सोडा, मग टॉर्क रेंचने आवळा. खाली हात पोचत नाही म्हणून घाई केली जाते. त्यावेळी खड्ड्यावर किंवा चार चाकांखालच्या रॅम्पवर काम करा म्हणून सांगा.

पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तेवढा धरत नाही. मागचा ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि डिफरेन्शिअलच्या हवेची नळी, ही सगळी चाक पूर्ण खाली लटकवून पाहायची. कुठेही तारेसारखं ताणलेलं दिसता कामा नये. जुन्या पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेली एक दांडी असते, ती ओझ्यानुसार मागचे ब्रेक कमीजास्त करते. गाडी उचलली की तिला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तुमच्या गाडीखाली ती दिसली तर तिचं सेटिंग करून घ्या. पहिल्या गिअरमध्ये निघताना मधूनच थरथर जाणवली, तर प्रॉपेलर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगला थोडं खाली घ्यावं लागतं.

मग अलाइनमेंट, आणि फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) बघून सोडणारी नको. उचलल्यावर कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, सरळ रस्त्यावर गाडी भटकते. कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती झुकलंय), कॅस्टर, टो तिन्हींची छापील पट्टी मागा आणि दोन्ही बाजूंचा कॅस्टर जवळपास सारखा आहे का पाहा. मर्यादेत आणता येत नसेल तर लिफ्ट जास्त झाली आहे, थोडी उतरवा. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणून घ्या, नाहीतर स्टॅबिलिटी कंट्रोल चुकीच्या वेळी ब्रेक लावू शकतो. हेडलाइट खाली करा, समोरचा तुम्हाला शिव्या देणार नाही.

डिस्कबाबत एवढंच: ऑफसेट (हबला टेकणारी बाजू डिस्कच्या मध्यापासून किती दूर) कंपनीच्या जवळ ठेवा. चाकं बाहेर काढली की बेअरिंगवरचा भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं आणि चिखल सगळ्या दारांवर उडतो. मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे. सहा नटांचं माप जुळलं म्हणजे डिस्क जुळली, असं नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे उचलून धरलं, आणि कलम 182ए खाली प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी टायरचं माप लिहितो. कंपनीच्या व्यासाचा टायर सुचवण्यामागे हेही कारण आहे. चाळीस मिमीचा स्प्रिंगसंच हाही बदलच. तो करायचा ठरला तर आधी विमा कंपनीला लेखी विचारा.

आजीचंही मोजा. तीन इंच लिफ्ट आणि मोठे टायर मिळून पायरी दहा सेंटिमीटर वर जाते. घरच्या ओट्यावर तेवढ्या उंचीची वीट ठेवून त्यांना चढायला सांगा, निर्णय तिथेच होईल. नुसते टायर बदलले तर पायरी आहे तिथेच राहते.

चाकांचे नट 100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, यू-बोल्ट 500 ला आणि परत 1000 ला. टायर 8 ते 10 हजार किलोमीटरला फिरवा, स्टेपनीसकट पाचही. स्टेपनी त्याच मापाची, त्याच कंपनीची घ्या. फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचा व्यास वेगळा असेल तर कडक रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) ताणली जाते आणि गिअर निघत नाही. आणि नवी स्टेपनी हौद्याखालच्या साखळीवर पूर्ण वर बसते की नाही, ते टायरच्या दुकानातून निघण्याआधीच वर ओढून बघा.